वीस मिनिटांत इमारत रिकामी

चिठ्ठी उघडली तेव्हा मला हसू आलं, हे आधीच कबूल करून टाकते. माझ्याआधी चिठ्ठी उचललेल्या मुलीला ‘संस्थांतर्गत संवादातील अडथळे’ असा विषय आला होता आणि ती बिचारी चिठ्ठी उलटीसुलटी करून मागे आणखी काही लिहिलंय का ते बघत होती. माझ्या चिठ्ठीवर होतं, ‘आपत्कालीन परिस्थितीत इमारत रिकामी करणे’. म्हटलं, यात बोलायचंय काय? आग लागली की बाहेर पळायचं. विषय संपला.

घोटाळा नेमका तिथेच होता. विषय एका वाक्यात संपत होता आणि बोलायचं होतं वीस मिनिटं.

मी एका सरकारी कार्यालयात अर्ज घेण्याच्या खिडकीवर बसते. बावीस वर्षं झाली. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि त्या खुर्चीसाठी ‘कार्यालय व्यवस्थापन पदविका’ लागते असं वरून पत्र आलं. म्हणून दर शनिवारी सकाळी मी दप्तर घेऊन वर्गात जायला लागले. पदविका मिळाली नाही तर ती खुर्ची माझ्या शेजारच्या खिडकीवरच्याला जाणार होती. त्याने पदविका गेल्याच वर्षी मिळवली. शिक्का सरळ कसा मारायचा हे त्याला मी शिकवलंय. तो अजूनही वाकडाच मारतो. असा माणूस उद्या समोर बसून माझ्या रजेच्या अर्जावर सही करणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं.

वर्गात माझ्याखेरीज एकतीसजण. माझ्यामुळे वर्गाचं सरासरी वय थोडं वर गेलं असेल, पण ते फार बोचावं असं काही नव्हतं. बोचायचं ते वेगळंच. आमचे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तक बाजूला ठेवलं आणि फार आदराने म्हणाले, “काकू, पालकांची सभा पुढच्या आठवड्यात आहे.” चूक कळल्यावर बिचाऱ्यांचे कान लाल झाले; पण ‘काकू’ तेवढं राहिलं. सगळ्या वर्गाचीच मी काकू झाले. तर असो.

चिठ्ठीवरच्या विषयाच्या सादरीकरणाला, म्हणजे पदविकेच्या परीक्षेला, दोन आठवडे होते. पहिला आठवडा, अजून दोन आठवडे आहेत असं म्हणण्यात गेला. दुसरा गेला सल्ल्यांत.

मी फक्त आमच्या ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी जिन्यात कोणाला तरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माझा विषय पाठ झाला होता. ह्यांचा स्वतःचा सल्ला असा, की सुरुवात विनोदाने करावी.

“अहो, आगीवर कसला विनोद करू?”

“बघ,” हे म्हणाले, “म्हणजे तुझ्याकडे विनोदसुद्धा तयार नाही.”

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आपणहून खाली आले. त्यांच्या मते कोणत्याही विषयाला मुळापासून हात घालावा. त्यांनी दोन गारगोट्या एकमेकांवर घासणाऱ्या आदिमानवापासून सुरुवात केली. सव्वा तासाने ते कोळशापर्यंत आले होते. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “उरलेलं उद्या.” दुसऱ्या दिवशी बेल वाजली तरी मी दार उघडलं नाही.

शेजारच्या योगवाल्या बाईंनी सांगितलं, की प्रत्येक मुद्द्याआधी डाव्या नाकपुडीने सावकाश श्वास घ्यावा. मी करून पाहिलं. श्वास आला, मुद्दा आला नाही. सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “कोणी ऐकत नसेल तर मध्येच रडायला लाग. लगेच ऐकतात. तुझ्या सासऱ्यांच्या बाबतीत चाळीस वर्षं एकदाही फसलं नाही.” कसं बोलावं हे मला सगळ्यांनी सांगितलं. काय बोलावं हे एकानेही नाही.

त्यातल्या त्यात आधार होता लेकीचा. ती जीवशास्त्र शिकते आणि तिला संगणकाचं सगळं येतं. “आई, स्लाइड मी करून देते,” ती म्हणाली. “तू फक्त समोर उभी राहून वाचून दाखव.” वाचून दाखवायचं म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. वाचण्याची तयारी काय करायची?

राहिला प्रोजेक्टर. तो वर्गात छताला कायमचा टांगलेला आहे, पण त्याच्या खोक्याला कुलूप आणि किल्ली संस्थेच्या कार्यालयात. तिथल्या खिडकीवर एक कारकून बसतात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी धापा टाकत गेले तर म्हणाले, नमुना सात भरा. मंगळवारी भरून नेला तर सरांची सही नव्हती. बुधवारी सही होती, शिक्का नव्हता. गुरुवारी शिक्का मारणारे जेवायला गेले होते. आणि तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला त्या माणसाचं कौतुकच वाटत होतं. चार दिवसांत त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मान वर न करता समोरच्याला परत पाठवणं ही साधनेने येणारी गोष्ट आहे. मला स्वतःला ती साधायला सात वर्षं लागली. फक्त खिडकीच्या या बाजूने ती कशी दिसते, हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते दृश्य काही फारसं चांगलं नव्हतं.

शुक्रवारी परवानगी मिळाली. मी विजयी मुद्रेने घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं, “झाली तयारी!” परवानगी मिळाली म्हणजे काम झालं, अशी आमच्या पेशातली समजूत आहे. त्या समजुतीत मी शांत झोपले.

शनिवारी सकाळी लेकीने पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये टाकला आणि ती आपल्या कॉलेजला पळाली. अकरा वाजता मी फळ्यासमोर उभी. शेवटच्या बाकावर बाहेरून आलेले परीक्षक होते. करडा कोट, किडकिडीत अंगकाठी, पुढ्यात गुणांचा तक्ता. ते बोलत नाहीत, फक्त लिहितात, असं आम्हाला सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सरांनी दिवे मालवले. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं :

‘गांडुळाची पचनसंस्था’.

खाली आडवं, गुबगुबीत, पोट उघडं केलेलं गांडूळ.

आधी कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले. परीक्षकांनी गांडुळाकडे पाहिलं, हातातल्या विषयांच्या यादीकडे पाहिलं, पुन्हा गांडुळाकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. मी पुढची स्लाइड लावली. गांडूळच, जवळून.

त्या क्षणी ‘चुकून दुसरी फाइल आली’ एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण शेजारच्या खिडकीवरचा तो वाकडा शिक्का माझ्या डोळ्यांसमोर आला आणि माझ्या तोंडातून शब्द निघाले, “तुम्हाला वाटेल, गांडूळ का?”

मलाही तेच वाटत होतं.

“गांडूळ म्हणजे,” मी डाव्या नाकपुडीने श्वास घेत म्हणाले, “गांडूळ म्हणजे एक लांब बोळ. आत यायला एका टोकाला तोंड, बाहेर जायला दुसऱ्या टोकाला… दार. मध्ये सगळा अंधार. आता मला सांगा, आपली ही इमारत याहून वेगळी आहे का?”

आमचा अंधारा जिना आठवून दोघातिघांनी खरंच माना हलवल्या. माना हलल्या की माणसाला चेव येतो. मी छडी उचलली. “ही पेषणी. इथे अन्न भरडलं जातं. जिन्यात सगळे एकदम घुसले की माणसांचंही हेच होतं.” सर डोळे बारीक करून बघत होते. हे फार खोल आहे की फार उथळ, याचा त्यांना अंदाज येत नसावा. पुढच्या स्लाइडवर हृदयं होती, चांगल्या पाच जोड्या. “निसर्ग बघा,” मी म्हणाले, “एवढ्याशा जिवाला इतकी हृदयं. एक अडलं तर दुसरं आहे. इमारतीचंही तसंच हवं. एक दार अडलं तर दुसरं हवं.”

हे वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की मी थांबले. थांबायला नको होतं. पहिल्या बाकावर एक जाड चष्म्याची मुलगी बसते. ती सगळं खरोखर समजून घ्यायला येते, त्यामुळे शिकवणाऱ्यांना तिची जरा भीतीच वाटते. तिने हात वर केला.

“काकू, आपल्या इमारतीला दुसरं दार कुठे आहे?”

मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं झाली होती. चौदा उरली होती, आणि गांडूळ संपत आलं होतं.

“छान प्रश्न,” मी म्हणाले. उत्तर येत नसलं की प्रश्नाला छान म्हणावं, हे मी सरांकडूनच शिकले. मनात पटापट हिशेब केला. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. शिस्तीत खाली जायला पाच मिनिटं, चढून यायला सात, दोन मिनिटं धापा टाकायला. “उत्तर मी तोंडी देणार नाही. आपण ते प्रत्यक्ष जाऊन बघणार आहोत. उठा सगळे!”

सर पुढे आले. हळूच म्हणाले, “काकू, हे ठरलेलं होतं?”

“अर्थात!” मी म्हणाले. तोपर्यंत मी नुसती वेळ मारून नेत होते. ही पहिली सरळसरळ थाप.

“धावायचं नाही, ढकलायचं नाही, बोलायचं नाही,” असं बजावून मी पुढे झाले आणि एकतीसजणांचा वर्ग माझ्यामागे ओळीत निघाला. परीक्षकही तक्ता छातीशी धरून शेवटी आले. शेजारी भाषांतराचा वर्ग चालू होता. दारातल्या मुलाने विचारलं, “काय झालं?”

आमच्यापैकी कोणीतरी म्हणालं, “इमारत रिकामी करतोय.”

यात खोटं काही नव्हतं. पण त्यांच्या बाईंनी ज्या चपळाईने पुस्तक मिटलं ते पाहता त्या अशाच एखाद्या संधीची वाट बघत असाव्यात. तो वर्ग आमच्यामागे आला. दुसऱ्या मजल्यावर टंकलेखनाची परीक्षा होती. दोन वर्ग मुकाट्याने खाली जाताना पाहून परीक्षार्थी उठले. ज्यांची गती कमी होती ते आधी उठले. तिथल्या शिपायांनी हे पाहिलं आणि कोणाला काही न विचारता “आग! आग!” करत जाऊन घंटा बडवली. तीच घंटा जेवणाच्या सुट्टीलाही वाजते. त्यामुळे आगीला न घाबरणारे जे काही थोडे लोक वर्गांत उरले होते, तेसुद्धा बाहेर आले.

मी सगळ्यात पुढे. मला यातलं काहीच दिसत नव्हतं. घंटा ऐकून वाटलं, एवढ्यात सुट्टी झाली? एकतीसजणांच्या पावलांचा एवढा आवाज कसा होतोय, असं एकदा मनात आलं. पण तेव्हा मी भिंतीवरच्या बाणाकडे बघत होते. तळमजल्यावर लाल रंगात बाण आणि शेजारी ‘आपत्कालीन मार्ग’. बाण पुढच्या दाराच्या उलट दिशेला, एका अरुंद बोळात जात होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुसरं दार खरोखरच होतं. मी बाणामागे वळले, माझ्यामागे सगळे वळले.

बोळाच्या दोन्ही बाजूंना जुनी लोखंडी कपाटं. टोकाला दार. दाराला मुठीएवढं कुलूप, गंजून विटकरी झालेलं.

मी थांबले. आणि पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. बोळ गच्च भरला होता. बोळामागे जिन्याखालची, पुढच्या दारापर्यंतची जागा गच्च भरली होती. दीडशे माणसं तरी असतील. पुढच्यांना माहीत होतं की हे प्रात्यक्षिक आहे. मागच्यांनी फक्त ‘आग’ ऐकलं होतं, आणि आपण पुढे का सरकत नाही हे त्यांना कळत नव्हतं. ते ढकलायला लागले.

“कुलूप आहे!” मी ओरडले. मागे पोचेपर्यंत त्याचं “धूर आहे!” झालं.

रेटा आला. चष्म्याची मुलगी माझ्या शेजारी होती, ती कपाटावर दाबली गेली. तिचा चष्मा पडला. ती ओरडली नाही, नुसतं म्हणाली, “काकू, श्वास…” आणि पुढचा शब्द तिला निघेना. सकाळपासून मी थापा मारत होते; त्या सगळ्या थापा आता दीडशे माणसं होऊन अंगावर येत होत्या. डोक्यात एकच गोष्ट, ही पोर माझ्या वीस मिनिटांसाठी इथे आली आहे.

तेव्हा मी जो आवाज काढला तो घरी कोणी ऐकलेला नाही. तो फक्त खिडकीवरचा आवाज आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांग मोडून लोक काचेवर चढायला लागतात, तेव्हाच मी तो काढते.

“ही खिडकी बंद! रांग मागून सुरू! सगळ्यात मागचा पहिला! मागे फिर!”

रांगेतल्या माणसाचा एक स्वभाव मला पक्का माहीत आहे. मागच्याला ‘तू पहिला’ म्हटलं की तो ‘का’ म्हणून विचारायला थांबत नाही. जिन्याखालचे शेवटचे गर्रकन वळले आणि पुढच्या दाराकडे सुटले. त्यांच्यामागे त्यांच्या पुढचे. “मागचा पहिला! मागचा पहिला!” मी ओरडतच राहिले. रेटा सैल झाला. कपाटाला टेकलेली मुलगी हळूच खाली बसली आणि मोठमोठे श्वास घ्यायला लागली. सर गर्दी कापत उलटे आत आले, त्यांनी तिला एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. आम्ही तिघं सगळ्यात शेवटी बाहेर पडलो, पुढच्याच दाराने. माझ्या हातात तिचा चष्मा होता. एक काच शाबूत होती.

अंगणात उन्हात सगळी संस्था उभी होती आणि फाटकातून अग्निशमन दलाची गाडी आत येत होती. कार्यालयातल्या कारकुनांनी फोन केला होता. एखादं काम त्यांनी त्याच दिवशी केल्याची ती बहुधा पहिलीच वेळ. गाडीतून एक उंच अधिकारी उतरले.

“आग कुठे आहे?”

दीडशे बोटं माझ्याकडे वळली.

“प्रात्यक्षिक होतं,” मी म्हणाले.

संस्थेचे संचालक पुढे आले. त्यांच्या सभेतून त्यांना उठावं लागलं होतं आणि घाईत कोणाचा तरी दुसऱ्याचाच बूट एका पायात आला होता. “प्रात्यक्षिक? कोणाच्या परवानगीने?”

कारकुनांनी तिथेही खाली मान घालूनच सांगितलं, “साहेब, बाईंना प्रोजेक्टरची परवानगी होती. इमारतीची नव्हती.”

अधिकाऱ्यांनी मात्र परवानगीचं काही विचारलं नाही. आजूबाजूच्यांचं ऐकून त्यांनी विचारलं, “लोक बोळात का अडकले?” मी कुलपाचं सांगितलं. ते आत गेले. आम्ही काहीजण मागोमाग. त्यांच्या माणसाने मोठ्या कात्रीने कुलूप तोडलं आणि दार आत ओढलं.

दारामागे विटा होत्या. खालपासून वरपर्यंत नीट रचलेली भिंत. पलीकडे सायकली ठेवायची शेड बांधली तेव्हा कोणीतरी तिची मागची भिंत थेट दारावर घेतली होती. आत बाण काढणाऱ्याला बाहेरचं माहीत नव्हतं, बाहेर भिंत बांधणाऱ्याला आतलं. अधिकाऱ्यांनी एका विटेवर बोटाने टकटक केलं आणि हळू आवाजात विचारलं, “इथून बाहेर पडणार होता तुम्ही?”

संचालक आपल्या पायातल्या परक्या बुटाकडे बघायला लागले.

थोड्या वेळाने मला संचालकांच्या खोलीत बोलावलं. सर आणि करड्या कोटातले परीक्षक तिथेच बसले होते. मला वाटलं, आता नाव कापतात. पण संचालकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा आला तेव्हाच मला शंका आली. आमच्याकडेही साहेब चहा पाजतात तेव्हा कुठेतरी सही हवी असते.

“हे बघा बाई,” ते गोड आवाजात म्हणाले, “झालं ते बऱ्यासाठीच झालं. आपण असं म्हणू, ही तपासणी संस्थेनेच ठरवली होती. पंधरा दिवसांपूर्वी. तुम्ही समन्वयक. दार बंद असल्याचं आपल्या निदर्शनास आलेलंच होतं आणि दुरुस्ती प्रगतिपथावर आहे. पत्र तयार आहे. तुमच्या सादरीकरणाचंही त्यात कौतुक आहे, म्हणजे गुणांचा प्रश्नच येत नाही. फक्त सही करा.”

पत्र सुरेख होतं. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची. मी पेन हातात घेतलं. खोटं कशाला सांगू, विभागप्रमुखाची खुर्ची मला अगदी स्पष्ट दिसली, तिच्यावरच्या निळ्या गादीसकट. सकाळपासून मी इतक्या थापा मारल्या होत्या, त्यांत आणखी एक सहज खपली असती. आणि ही थाप तर संस्थेच्या शिक्क्यासह होती.

पण मागच्या तारखेने अर्ज दाखल करून घ्यायचा नाही, एवढी एक गोष्ट मी बावीस वर्षं पाळत आले आहे. फार मोठं तत्त्व वगैरे नाही. एकदा केलं की रोज करावं लागतं, म्हणून. शिवाय पर्समध्ये एका काचेचा चष्मा होता.

“साहेब,” मी म्हणाले, “दुरुस्ती प्रगतिपथावर आहे म्हणजे ती भिंत कोणी पाडणार नाही. हे वाक्य मी रोज दहाजणांना लिहून देते. मला एक कोरा कागद द्या.”

संचालकांचा चेहरा उतरला. सरांनी आपल्या वहीतले दोनतीन कागद फाडून दिले. मी लिहिलं : ‘मी सादरीकरणाची कोणतीही तयारी केली नव्हती. वेळ भरून काढण्यासाठी मी वर्गाला खाली नेलं. त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नव्हती. त्यात एका मुलीला इजा होता होता राहिली, त्याला मी जबाबदार आहे. मागचं दार उघडलं नाही. दारामागे भिंत आहे.’ खाली आजची तारीख, अशा तीन प्रती. एक प्रत अग्निशमन अधिकाऱ्यांना, एक परीक्षकांना, आणि एक घेऊन मी खिडकीवर गेले. म्हटलं, पोच द्या.

कारकुनांनी कागद पूर्ण वाचला. मग चक्क मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नमुना कितवा ते सांगणार. त्यांनी शिक्का घेतला आणि कागदाच्या कोपऱ्यात मारला. अगदी सरळ.

तिथून मी चष्म्याच्या मुलीला घेऊन दुकानात गेले आणि काच बसवून दिली. मला तिची माफी मागायची होती, वाक्यंही जुळवली होती. पण ती तिथेही विचारत होती, “काकू, पण गांडुळाला बाहेर पडायला एकच दार असतं ना? मग तुमचं ते उदाहरण कसं बसतं?” मी म्हटलं, “नाही बसत गं. मी काहीच वाचून आले नव्हते.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. “तरी पेषणीचं पटलं होतं,” म्हणाली. मला रडूच यायला लागलं, आणि ते सासूबाईंच्या सांगण्यावरून नव्हतं.

घरी सगळे दारातच उभे. “विनोद केलास ना?” ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, केला. लेक मात्र कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती. चुकीची फाइल दिल्याचं तिला दुपारी कळलं होतं. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, “तुझं गांडूळ सुंदर आहे. फक्त पुढच्या वेळी निघायच्या आधी मला दाखव.”

पुढच्या शनिवारी गुण लागले. पास व्हायला पंचवीसपैकी दहा हवे होते. तयारी, शून्य. मांडणी, दोन. साधनांचा वापर, एक, आणि शेजारी लाल शाईत ‘गांडूळ?’ एवढाच शब्द. श्रोत्यांचा सहभाग, पाचपैकी पाच. प्रश्नांना उत्तरे, तीन. तिथे लिहिलं होतं, ‘उत्तर माहीत नव्हते. शोधायला गेल्या.’ एकूण अकरा. खाली शेरा होता : ‘वेळेची मर्यादा पाळली नाही.’ एका गुणाने वर राहून मी पास झाले आणि खुर्चीच्या रांगेत उभी राहिले. माझं अभिनंदन करताना शेजारच्या खिडकीवरच्याने पेढ्याऐवजी बिस्किटांवर भागवलं आणि म्हणाला, “अकरा का होईनात.” त्याला किती मिळाले होते ते मी विचारलं नाही. मोठेपणा लागतो त्याला.

अग्निशमन दलाच्या नोटिशीने दोन महिन्यांत भिंत पडली. कपाटं हलली, दाराला रंग लागला, ते बाहेर उघडेल असं बसवलं, कडी आतून आली. त्यानंतरच्या शनिवारी संचालकांनी सगळ्यांना बोळात जमवलं. ते मला माफ करतील असं वाटलं नव्हतं, पण त्यांनी छोटं भाषणही केलं, त्यात माझा उल्लेख ‘एक जागरूक विद्यार्थिनी’ असा आला. विद्यार्थिनी! ऐकून माझी मान ताठ झाली. सर म्हणाले, “काकू, पहिलं पाऊल तुमचंच.”

मी कडी काढली, दार बाहेर ढकललं. समोर स्वच्छ ऊन. मागे टाळ्या. मी मान तशीच ताठ ठेवून, सगळ्यांकडे बघून हसत, मोठ्या रुबाबात पाऊल पुढे टाकलं.

पाऊल टेकलंच नाही. दार जमिनीपासून चांगलं दोन फूट वर होतं आणि भिंत पाडणाऱ्यांनी पायऱ्या केल्याच नव्हत्या. मी थेट पहिल्या सायकलीवर बसले. ती दुसरीवर कलली, दुसरी तिसरीवर, आणि शेडच्या त्या टोकापर्यंत सगळी रांग एकामागून एक खणखणत आडवी झाली. टाळ्या थांबल्या. वर दारात डोक्यांची गर्दी झाली. जाड चष्म्यातून एक मुलगी फार बारकाईने उंची जोखत होती.

मी खाली बसल्या बसल्याच हात वर केला. सरांना वाटलं, उठायला आधार हवाय. त्यांनी धावत येऊन, दाराच्या काठावर गुडघे टेकून हात पुढे केला.

“हात नको, सर,” मी म्हणाले. “कागद द्या.”